०३२३३चा माग

२७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर अशा माद्या येतातच. हिच्या पुढच्या पायाला मात्र धातूची एक बारीक पट्टी होती आणि पट्टीवर आकडा होता ०३२३३. चौकशी झाली तेव्हा तो आकडा थेट ओडिशाच्या नोंदींत सापडला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या पथकाने १८ मार्च २०२१ रोजी तिकडच्या किनाऱ्यावर ही पट्टी तिच्या पायात बसवली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघून, देशाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, केरळ, कर्नाटक, गोवा मागे टाकत ती आमच्या दारात आली होती. अंतर साधारण ३५०० किलोमीटर. तिने १२० अंडी घातली आणि त्यातून निघालेली १०७ पिल्लं समुद्रात गेली.

पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं आपण आजवर धरून चाललो होतो. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना हेच सांगत आलो, कारण पुस्तकांतून तेच हाती येत होतं. ज्या पट्टीने हा समज हलवला ती पट्टी म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हे. तिला बॅटरी नाही, तार नाही. कोणीतरी कंदिलाच्या नाही तर बॅटरीच्या उजेडात वाकून आकडा वाचावा लागतो, एवढंच. हे वाकून वाचणं आपल्या किनाऱ्यापर्यंत कसं पोचलं, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे.

कोल्हापुरात बसून कासवांवर बोलणाऱ्याला लोक विचारतात, तुमचा आणि समुद्राचा काय संबंध? एक संबंध सरकारी आहे. वन खात्याचं कोल्हापूर वनवृत्त घाटमाथ्यावर संपत नाही, ते खाली उतरतं. रत्नागिरी जिल्ह्याचा चिपळूण विभाग आणि सिंधुदुर्गचा सावंतवाडी विभाग याच वृत्तात येतात. दाजीपूरचे गवे आणि गुहागरची कासवं एकाच वृत्तात मोडतात, हे आमच्या शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरा संबंध माझ्या घरातला. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत दरबारच्या शिकारखान्यात नोकरीला होते. त्या वेळचं कोल्हापूर चित्त्याच्या शिकारीसाठी देशभर माहीत होतं. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढून सोडायचा. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, त्याच्या आधीच संस्थानही विलीन झालं होतं. आबांच्या हातातली विद्या मात्र तशीच राहिली. जनावराचा माग काढणं हे त्यांचं काम. ओल्या मातीत उमटलेलं पाऊल पाहून जनावर कधी गेलं, पोटुशी आहे का, लंगडतंय का, हे ते सांगत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, हे कसं कळतं? म्हणाले, "पावलाकडं नुसतं बघून भागत न्हाई लेकरा. त्या जनावराला काय पायजे हाय ते वळखायचं. मग ते कुठं जाणार ते आपसूक कळतं."

पण आबांच्या मागावर बंदूक यायचीच. माग लागला की जनावर पडायचं. समुद्रातल्या मोठ्या प्राण्यांच्या मागाची हकीकतही फार काळ अशीच होती, आणि ती वाचताना मला आबा सारखे आठवत राहिले.

ब्रिटिशांनी १९२५ साली दक्षिण महासागरातल्या देवमाशांच्या अभ्यासासाठी 'डिस्कव्हरी' नावाच्या जहाजाची मोहीम काढली. प्रश्न धंद्याचा होता : एवढे देवमासे मारतोय, ते पुरणार किती दिवस? त्यासाठी ते कुठून कुठे जातात हे कळायला हवं. मग पोलादी नळ्या तयार केल्या, प्रत्येक नळीवर आकडा आणि परत पाठवण्याचा पत्ता कोरला, आणि १९३०च्या दशकात त्या बंदुकीने देवमाशांच्या पाठीत मारल्या. नळी चरबीत, मांसात रुतून बसायची. पुढे कधीतरी तो देवमासा शिकारी जहाजाच्या हाती लागला, त्याला फाडून चरबी उकळायला टाकली, की नळी सापडायची. आणून देणाऱ्याला बक्षीस. दोन बिंदू मिळत, पहिला नळी मारल्याचा आणि दुसरा मरणाचा. मधला सगळा प्रवास कोराच. तरी देवमाशांच्या वाटांविषयीचं पहिलं भरवशाचं ज्ञान त्या उकळत्या कढयांतूनच आलं, हे नाकारता येत नाही.

कासवांचंही तेच. आर्ची कार नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९५५ पासून कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवांना धातूच्या पट्ट्या लावायला सुरुवात केली. पट्टी परत करणाऱ्याला पैसे मिळतील असं तिच्यावर लिहिलेलं असे. पट्ट्या परत आल्या, त्यातल्या पुष्कळशा निकाराग्वाच्या मिस्कितो कोळ्यांकडून, ज्यांचं पोट कासवांच्या शिकारीवर चालायचं. त्यावरून कारला कळलं की तोर्तुगेरोला अंडी घालणाऱ्या माद्या चरायला तिकडच्या सागरी गवताळ भागात जातात. कासव कापल्यावर पट्टी मोकळी व्हायची आणि मग टपालाने यायची. कारने नंतर कासवांच्या मागे दोरीने तरंगते फुगे बांधूनही पाहिले. जिवंत जनावराच्या मागे जाता यावं ही तळमळ त्याच्या सगळ्या खटपटीत दिसते. माझ्या मनात या माणसाबद्दल फार आदर आहे.

आपल्याकडे ओडिशातलं गहिरमाथा शास्त्रज्ञांच्या नजरेत आलं ते १९७४ साली, एच. आर. बस्टर्ड यांच्यामुळे. हजारो माद्या एकाच वेळी वाळूत चढतात ते दृश्य गावकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. त्या काळी ओडिशाच्या किनाऱ्यावरून पकडलेली कासवं मोठ्या संख्येने कलकत्त्याच्या बाजारात जात. १९७७ साली ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण मिळालं. चंद्रशेखर कर यांनी गहिरमाथ्याला हजारो माद्यांना पट्ट्या लावल्या, पुढे बिवाश पांडव आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या मंडळींनी ते काम चालू ठेवलं. पट्ट्या परत आल्या त्या तमिळनाडूहून, श्रीलंकेहून. पुन्हा बहुतेक जाळ्यात मेलेल्या कासवांच्या.

पश्चिम किनाऱ्यावर असं काही नव्हतं. इथे कासवं हजारोंनी येत नाहीत, एकेकटी येतात, आणि एकेकटीकडे कोणाचं लक्ष जात नाही. सतीश भास्कर या एकांड्या माणसाने १९७७ नंतर देशाचे किनारे आणि बेटं पायी तुडवून कासवांच्या नोंदी केल्या, त्याचं नाव इथे घेतलंच पाहिजे. महाराष्ट्र आणि गोव्याचा किनारा २०००च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वरद गिरी यांनी पाहिला. कासवं येतात हे त्यातून कळलं. अंडी मात्र माणसाच्या नाही तर कुत्र्या-कोल्ह्यांच्या पोटात जात होती.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत बाणकोटजवळच्या वेळासला गेले. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. तिथे वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केल्यावर लोकांनी सरळ सांगितलं, मादी येते, आम्ही अंडी काढतो. त्या हंगामात संस्थेने ५० घरटी राखली. या पन्नास घरट्यांचा विचार मी खूप केला आहे. ती कोणी शोधली? पुस्तक वाचून घरटं सापडत नाही. रिडले मादी पुढचे पाय आळीपाळीने टाकत चढते, त्यामुळे तिचा माग डावी-उजवीकडे असमान पडतो. वर येण्याचा आणि परत जाण्याचा माग वेगळा वाचावा लागतो. अंडी घातल्यावर ती शरीराने वाळू दाबते आणि जागा लपवते. पहाटेच्या वाऱ्यात तो माग पुसत जातो. हे सगळं ज्याला वाचता येत होतं तो माणूस गावातला अंडी काढणारा. काठी खुपसून भुसभुशीत जागा हुडकणारा हात त्याचाच. तोच हात राखणीला लागला म्हणून घरटी वाचली.

आबांच्या पिढीला अशी संधी मिळाली नाही. शिकारखाना मोडला तेव्हा त्यांना कोणी म्हटलं नाही की तुमची नजर आम्हाला द्या, आता जनावर मारायचं नाही, राखायचं आहे. त्यांच्यासारखे कितीतरी माग काढणारे हमाली करत, रखवाली करत मेले. वेळासने ती नजर फुकट जाऊ दिली नाही, म्हणून त्या गावाचं मोल मला फार मोठं वाटतं. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. मी मुलांना घेऊन गेलो की पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, घरट्यावरची टोपली उचलतो, पिल्लं वाळूवरून लाटेकडे निघतात, आणि चाळीस पोरं अक्षरशः गप्प होतात. पण मुलं पिल्लं बघत असतात तेव्हा मी कासवमित्राचे डोळे बघतो. तो वाळूकडे बघत असतो.

उपग्रहाचा माग त्यानंतरचा. त्याची रीत अशी. कासवाच्या पाठीवर, कवचाच्या उंच भागावर, चिकट राळेने एक छोटं यंत्र बसवतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. वर आलं की यंत्राला पाणी लागत नसल्याचं कळतं आणि ते संदेश पाठवतं. आकाशात फिरणारे उपग्रह तो पकडतात. १९७८ पासून चालू असलेली आर्गोस नावाची व्यवस्था त्यावरून जागा ठरवते. आंबा घाटात समोरून येणाऱ्या एसटीचा भोंगा जवळ येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरता ऐकू येतो, तसा सरकणाऱ्या उपग्रहाला त्या संदेशाचा स्वर बदलत जाताना मिळतो, आणि त्या बदलातून कासव कुठे आहे त्याचं गणित मांडतात. पुढे कधीतरी यंत्रावर शेवाळं, कालवं चढतात, बॅटरी संपते, किंवा यंत्र गळून पडतं. मग माग तुटतो.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा झालं २५ जानेवारी २०२२ रोजी. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने खर्च उचलला, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. आर. सुरेश कुमार यांनी यंत्रं बसवली. वेळासच्या मादीला नाव दिलं प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीला सावनी. पुढच्या काही आठवड्यांत लक्ष्मी, वनश्री आणि रेवा यांनाही यंत्रं लागली. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या बाजूने गेली, रेवा दक्षिणेला कर्नाटकाकडे. लक्ष्मीचे संदेश लवकरच थांबले.

सावनीने मात्र सगळ्यांत मोलाची गोष्ट सांगितली. आंजर्ल्याला अंडी घालून ती लांब गेलीच नाही. जवळच्याच पाण्यात राहिली आणि पुढे शेजारच्या केळशीला पुन्हा अंडी घातली. आपल्या किनाऱ्यावर एक मादी एका हंगामात दोनदा अंडी घालते याचा हा उपग्रहाने दिलेला पुरावा. यात दोन गोष्टी आहेत. घरट्यांची संख्या म्हणजे माद्यांची संख्या नव्हे. आपण शंभर घरटी मोजली तर माद्या त्याहून कमी असणार. आणि दुसरी, अधिक काळजीची : दोन घरट्यांच्या मधले दिवस मादी पोटात अंडी घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असते, जिथे ट्रॉलरची जाळी तळ खरवडत फिरतात. आपण वाळूवर राखण बसवली, पण मादीचा जीव त्या वेळी पाण्यात टांगलेला असतो. तिला काय पाहिजे हे आता आपल्याला कळलं आहे, आबांच्या भाषेत. तिला त्या दिवसांत किनाऱ्याजवळचं शांत पाणी पाहिजे. हंगामापुरता, घरट्यांच्या किनाऱ्यांसमोरचा पट्टा ट्रॉलरना बंद ठेवला पाहिजे, आणि तो ठरवताना त्या भागातल्या लहान होड्यांच्या कोळ्यांना आधी विचारलं पाहिजे. हे माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना यंत्रं लावली. गुहा लक्षद्वीपच्या बाजूला वळली. बागेश्री दक्षिणेला जात राहिली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. त्या महिन्यांत मी रोज नकाशा उघडून बघायचो. घरातले विचारायचे, "आज कुठं पोचली तुमची बागेश्री?" आणि दोन वर्षांनी उलट दिशेने, ओडिशाहून गुहागरला, ०३२३३ आली. एक यंत्राने कळली, एक पट्टीने. दोन्ही मिळून वाट पुरी झाली.

देवमाशांची हकीकत अधिक दुःखाची आहे, ती थोडक्यात सांगतो. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २४२ हंपबॅक चोरून मारले. युरी मिखालेव या त्यांच्याच शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ते उघड केलं. आज ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं, नाव लुबान. ती अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि खाली देशाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. म्हणजे हा प्राणी आपल्याही समुद्राचा आहे. सिंधुदुर्गच्या पाण्यात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण मंडळींनी पाठीवरच्या परावरच्या ओरखड्यांवरून एकेक डॉल्फिन ओळखून त्यांच्या नोंदी ठेवल्या. यंत्राशिवायचा हाही माग, आणि आबांना तो लगेच कळला असता.

आमच्या कोल्हापुरात देवमासा बातमीत येतो तो वेगळ्याच कारणाने. गेल्या काही वर्षांत इथे 'व्हेलची उलटी' म्हणजे अंबर विकायला आलेली माणसं पोलिसांनी अनेकदा पकडली. स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणारा तो पदार्थ अत्तरासाठी जातो, त्याच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. ज्या प्राण्याचा आपल्याला काही ठावठिकाणा नाही त्याच्या पोटातल्या गोळ्याची किंमत मात्र आमच्या बाजारात लोकांना पाठ असते. ती बातमी वाचली की मला राग येतो.

राग निवतो तो कोळ्यांकडे पाहून. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि कोळ्याने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो द्यावे लागतात. या फोटोंतून एक नवीन नोंदवही तयार होत आहे, आणि ती अभ्यासकांच्या कोणत्याही यादीइतकी मोलाची आहे. पट्टी आणि यंत्र आपण बहुतेक माद्यांनाच लावतो, कारण त्याच वाळूवर येतात. नर जन्मल्या दिवशी समुद्रात जातो तो पुन्हा किनाऱ्यावर पाऊल टाकत नाही. पिल्लं तर यंत्र पेलणार नाहीत एवढी लहान. नरांना आणि वाढत्या वयाच्या कासवांना जिवंत पाहणारा माणूस कोळीच. डिस्कव्हरीच्या नळ्या आणि कारच्या पट्ट्या ज्याच्या हाती प्राणी मेल्यावर लागत, त्याच्याच मोबाइलमध्ये आज जिवंत प्राणी सुटून जाताना दिसतो.

ओडिशात २०२१ नंतर काही वर्षांत हजारो माद्यांना पट्ट्या लावल्या गेल्या आहेत. म्हणजे ०३२३३ एकटी नसणार. कोकणात कासव बघायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना म्हणून माझं सांगणं आहे. रात्री मादी वाळूवर चढताना दिसली तर लांब थांबा, उजेड टाकू नका, तिला अंडी घालू द्या आणि कासवमित्राला बोलवा. ती परत जाताना तो तिचे पुढचे दोन्ही पाय मागच्या कडेला तपासेल. पट्टी असली तर आकडा दोनदा वाचून लिहून घ्यायचा, फोटो काढायचा, तारीख आणि किनारा टिपायचा. पट्टी काढायची नाही. ती पुढच्या किनाऱ्यावरच्या माणसासाठी आहे.